डावीकडे मोकळं आहे

गाडीतल्या सीट काढल्या की गाडी हलकी होते आणि हलकी झाली की पळते, ही अक्कल मला वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी शिकवली. काढलेल्या सीट ठेवायच्या कुठे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सल्ला देणाऱ्यांचं असंच असतं, निम्म्यावर उठून जातात. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीत गाडीची मागची लांबलचक सीट भिंतीला टेकून उभी होती, पुढची एक सीट स्वयंपाकघराच्या दारात होती, आणि बायको तिला वळसा घालून जाताना दर वेळी उसासा सोडत होती. बोलत काही नव्हती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त धाकधूक वाटते.

सीट आधी जिन्याखाली ठेवल्या होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या उचलायला लावल्या. ते म्हणाले, "जिन्याखाली फक्त वाहन ठेवता येतं."

"ही वाहनाचीच सीट आहे हो."

"सीट म्हणजे फर्निचर. फर्निचर घरात. आणि गाडीत सीट नसेल तर ते वाहन राहतं का, हेही मला कमिटीपुढे ठेवावं लागेल. तुमच्या पार्किंगचा प्रश्न येईल."

मी सीट उचलल्या. पाठीत उसण भरली. स्पर्धेला अजून आठवडा होता आणि मी आत्ताच वाकून चालत होतो.

आता ही स्पर्धा काय, तर 'टाइम अटॅक'. पेट्रोल पंपावर जाहिरात लावली होती: हौशी चालकांनी आपापली गाडी आणावी, रेसच्या ट्रॅकवर एका वेळी एकच गाडी सोडणार, आणि घड्याळाशी झुंज. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या, ढेरपोट्या, पाणीपुरवठा खात्याच्या हिशेब शाखेत फायलींवर सह्या करणाऱ्या माणसाला वेगाचं वेड लागलं असं सगळ्यांना वाटलं. वाटू दे म्हटलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती.

खरं कारण असं की मला बढती मिळाली होती. इतक्या वर्षांनी मिळाली, तीही बदलीसकट. शहराबाहेर हायवेवर नवं जलशुद्धीकरण केंद्र झालं आहे, तिथला हिशेब मी सांभाळायचा. तिकडे बस जात नाही, गाडीनेच जायला हवं, आणि गाडीत मी एकटा असणार. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बायको रोज विचारायची, "अहो, होकार कळवा ना, अडलंय कुठे?" आणि मी रोज म्हणायचो, "बघू."

अडलं होतं ते असं की मला एकट्याने गाडी चालवायची भीती वाटते. घ्या, सांगून टाकलं. गाडी घेतल्यापासून, पहिला दिवस सोडला तर, मी एकदाही, अगदी कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा, एकटा गेलेलो नाही. सुट्टीच्या दिवशी बायको शेजारी असते आणि कामाच्या दिवशी आमचं त्रिकूट.

या त्रिकुटाविषयी सांगायला हवं. शेजारच्या सीटवर जावकराव. ते ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर असतात, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर त्यांचा शिक्का पडतो, म्हणून सगळं ऑफिस त्यांना जावकराव म्हणतं. मागे उजवीकडे रेकॉर्डबाई. जुन्या फायली त्यांच्या ताब्यात, आणि कोण कधी काय चुकलं ते सगळं त्यांच्या डोक्यात. मागे डावीकडे डॉक्टर. ते डॉक्टर नाहीत, भांडार विभागात आहेत, पण कुणी शिंकलं की खिशातून पुडी निघते. हे तिघे वर्षानुवर्षं माझ्या गाडीतून ऑफिसला येतात आणि जातात. फुकट ते पौष्टिक! वर बसल्या बसल्या गाडीही तेच चालवतात. वळण आलं की जावकराव म्हणणार, "डावीकडे मोकळं आहे, घ्या." रेकॉर्डबाई म्हणणार, "मागून टेम्पो येतोय, मागच्या वेळेसारखं करू नका." डॉक्टर म्हणणार, "पुढे खड्डा." मी आपला स्टीअरिंग धरून हो हो म्हणत राहतो. कधी कधी वाटायचं, मी यांचा ड्रायव्हर आहे की यांचं स्टीअरिंग?

मग ती जाहिरात दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला. विचार करा, उभ्या जगात अशी दुसरी जागा आहे का, जिथे समोरून कुणी येत नाही, मागून कुणी येत नाही, पादचारी नाहीत, गुरं नाहीत, आणि रुग्णवाहिका आधीच आणून उभी केलेली असते? एकट्याने गाडी चालवायची परीक्षा द्यायला याहून सुरक्षित जागा नाही. तिथे जमलं तर होकार. नाही जमलं तर नकार, आणि निवृत्तीपर्यंत त्याच टेबलावर त्याच फायली. बढती नाकारल्याचं कारण बायकोला काय सांगणार होतो, ते मात्र मला सुचत नव्हतं.

पण गुपचूप काही करणं माझ्या नशिबात नाही. मी रजेचा अर्ज केला. आमचे साहेब म्हणाले, "खेळासाठी रजा आहे, पण मोटार हा खेळ नाही, वाहन आहे. वाहन शाखेकडे जा." वाहन शाखा म्हणाली, "खाजगी वाहन आमच्याकडे येत नाही. तुम्ही खेळताय ना? मग क्रीडा समिती." क्रीडा समितीत एकच गृहस्थ होते, ते कॅरमवाले. त्यांनी मला कॅरमच्या संघात घेऊ का विचारलं. दोन मजले चढउतार करून माझे गुडघे बोलायला लागले, तेव्हा रेकॉर्डबाईंनी शांतपणे कॅलेंडर दाखवलं. स्पर्धा रविवारी होती.

तोवर बातमी ऑफिसभर झाली होती. कुणी म्हणालं वळणावर बाहेरून आत शिरा, कुणी म्हणालं आतून बाहेर जा. कँटीनवाल्याने विचारलं, "साहेब, घरी काही भांडण झालंय का?"

सोसायटीत तर विचारूच नका. विमा एजंटांनी सीट काढवल्या. त्यांचं बघून तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर आले आणि म्हणाले, सीट काढून काय होतंय, स्टेपनी काढा, जॅक काढा, पायपुसणी काढा. त्यांनी स्वतः वाकून डिकीतून एक छत्री, बायकोची हरवलेली चप्पल आणि एक जुनी सतरंजी काढली आणि म्हणाले, "बघा, किती ओझं वाहत होतात." मग माझ्या पोटाकडे बघून काही बोलायच्या बेतात होते, पण थांबले. त्यांचा मी आभारी आहे.

आता तुम्ही म्हणाल, सीट आदल्या दिवशी काढायच्या होत्या. बरोबर आहे. पण गॅरेजवाल्याला वेळ होता तो आधीच्या सोमवारी, आणि गॅरेजवाल्याच्या वेळेपुढे कुणाचं चालतं? त्या संध्याकाळी मी तिघांना अगदी नम्रपणे सांगितलं की आठवडाभर गाडीत बसायला जागा नाही, तेव्हा कृपया दुसरी सोय बघावी. मनात म्हटलं, चला, निदान सुटका, आठवडाभर मीही रिक्षाने जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे नेहमीसारखे आमच्या सोसायटीच्या गेटात हजर. डॉक्टरांच्या काखेत घरची उशी.

"अहो, सीट नाहीत," मी म्हणालो.

"म्हणूनच उशी आणली," डॉक्टर म्हणाले. रेकॉर्डबाई तर एवढ्या वयाच्या बाई, गुडघेदुखीवाल्या, पण पदर खोचून पत्र्यावर बसल्या. फुकटच्या सवारीसाठी माणूस काय काय सोसतो, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, थोडी कीवही आली.

आणि गंमत अशी की खाली बसल्यामुळे त्यांना बाहेरचं काहीएक दिसत नव्हतं. तरी सूचना चालूच! जावकराव दाराला कान लावून म्हणायचे, "डावीकडे मोकळं असावं." रेकॉर्डबाई म्हणायच्या, "हा टेम्पोचा आवाज आहे. नाही, बस आहे." डॉक्टर वर बघत राहायचे आणि सिग्नलचा दिवा काचेतून दिसला की "लाल!" म्हणून ओरडायचे. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने मला थांबवलं, कारण एक माणूस एकटाच गाडीत बसून कुणाला तरी "हो हो, घेतो" म्हणत चाललेला त्याला दिसला. त्याने आत डोकावून पाहिलं तर खाली तीन डोकी.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"ऑफिसचा स्टाफ," मी म्हणालो.

त्याने तिन्ही डोकी पुन्हा मोजली. मग म्हणाला, "गावात ठीक आहे एक वेळ. हायवेवर असं दिसलात तर गाडी जमा करीन." मी मान हलवली. माझ्या अब्रूचं जे काही शिल्लक होतं तेही त्या चौकात सांडलं.

रविवारी ट्रॅकवर जायचं तर हायवेनेच, आणि तिघांना खाली बसवून नेता येत नव्हतं. म्हणजे मी एकटा. मग मी गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवली. लोकांना सांगितलं, टायर वाचवायचेत. विमा एजंट म्हणाले, "वा, पक्के व्यावसायिक झालात!" मी, जावकराव, रेकॉर्डबाई आणि डॉक्टर असे चौघे ट्रकवाल्याच्या शेजारी दाटीवाटीने बसून शर्यतीला गेलो. शर्यत जाहीर झाल्यापासून मी एक फूटही एकट्याने गाडी चालवलेली नव्हती. तयारी म्हणाल तर एवढी.

ट्रॅकवर पोरंच पोरं. त्यांच्या गाड्या जागच्या जागी गुरगुरत होत्या. तपासणीला आलेल्या माणसाने माझं बॉनेट उघडलं, बॅटरी हलवून बघितली, दिव्यांवर नियमाप्रमाणे मी चिकटवलेली पट्टी बघितली, काचेवरचा मुलीच्या कॉलेजचा स्टिकर वाचला, आणि म्हणाला, "काका, कुणाला सोडायला आलात का?" मी म्हणालो, स्पर्धक आहे. त्याने दुसऱ्याला हाक मारून बोलावलं. दोघांनी मिळून पुन्हा एकदा बॅटरी हलवून बघितली.

हेल्मेट विमा एजंटांच्या पुतण्याचं होतं. ते डोक्यात गेलं, पण कान बाहेरच राहायला बघत होते. डॉक्टरांनी कानाला कसलंसं तेल लावून ते बसवलं. आत माझा श्वास मलाच मोठ्याने ऐकू येत होता. बाजूला पाहिलं तर नुसता पत्रा. मागे नुसता पत्रा. मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

हिरवा झेंडा हलला. मी क्लच सोडला, गाडी निघाली. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण आलं, आणि तिथे डावीकडून एक रस्ता ट्रॅकला येऊन मिळत होता, गाड्या बाहेर काढायचा. मी इंडिकेटर दिला आणि गाडी थांबवली.

थांबवली म्हणजे अगदी उभीच केली. रेसच्या ट्रॅकवर, घड्याळ चालू असताना, इंडिकेटर टिकटिक करतोय आणि मी वाट बघतोय की कुणीतरी म्हणेल, डावीकडे मोकळं आहे. तसं कुणीच म्हणेना, मग मी हलेना. माझ्या पायाला कळतच नव्हतं की आता जायचं.

लाल झेंडे हलायला लागले. रुग्णवाहिकेने दिवा लावला. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून ओळखीचा आवाज आला, जावकरावांचा, फुप्फुसं फाटेपर्यंत: "मोकळं आहे! घ्या! घ्या!" पाठोपाठ रेकॉर्डबाई: "मागून कुणी नाही!" डॉक्टर जाळीवर निम्मे चढलेले आणि ओरडत होते, "खड्डा नाही!"

मी निघालो. पोरं टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती. त्या कसल्या होत्या ते न कळण्याइतका मी भोळा नाही. मान खाली घालून परत आलो. स्पर्धेचे मुख्य अधिकारी माझ्या खिडकीशी आले. ते चिडले नव्हते, नुसते थकलेले दिसत होते. म्हणाले, "काका, इथे सिग्नल नसतो." मग म्हणाले, "प्रत्येकाला एक फेरी पुन्हा मिळते. करणार?" आणि त्यांनी आमच्या तिघांना जाळीपासून उठवून पार मागे, पार्किंगपलीकडे नेऊन बसवलं. चालकाला बाहेरून सूचना देणं नियमात बसत नव्हतं म्हणे.

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण उद्या सोमवार, आणि महिना संपत आला होता. बायको विचारणार, आणि मी "बघू" म्हणणार. या "बघू"चाच मला कंटाळा आला होता. म्हटलं, करतो.

दुसऱ्या खेपेला ते वळण आलं तेव्हा पाय ब्रेकवर गेलाच. गाडी मंदावली. कुंपणापाशी कुणी नव्हतं. मी स्वतः मान वळवली, डावीकडे बघितलं, पुन्हा बघितलं. रस्ता रिकामा होता. मी गेलो. बस्स, एवढंच केलं. दिवसभरातली सगळ्यात सावकाश फेरी माझी ठरली, आणि ते लाउडस्पीकरवरून दोनदा सांगितलं, कुणाला ऐकू आलं नसेल तर राहू नये म्हणून.

बाहेर आलो तर टोइंगचा ट्रक गायब. फोन केला तर ट्रकवाला म्हणाला, "परतीचं बोलणं कुठे झालं होतं?" झालं नव्हतं खरं. मी फक्त जाण्याचं ठरवलं होतं, कारण परत येण्यापर्यंत माझा विचार पोचलाच नव्हता.

तिघे फाटकाबाहेरच्या बसस्टॉपवर उभे होते. मी त्यांच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "माफ करा हं, माझ्यापायी तुमचे हाल. आता बसने जावं लागणार."

"हाल कसले?" रेकॉर्डबाई म्हणाल्या. "ही बस ऑफिसवरूनच जाते. पुढे माझ्या दारावरून, मग डॉक्टरांच्या, मग जावकरावांच्या गल्लीशी."

"म्हणजे तुम्हाला ऑफिसला थेट बस आहे?"

"आहे की."

"कधीपासून?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर खिशात पुडी शोधायला लागले.

"पहिल्यापासून," जावकराव म्हणाले. "नवी गाडी आणलीत तेव्हा ऑफिसच्या गेटात बंद पडली होती तुमची. मागे रांग, भोंगे, आणि तुम्ही नुसते बसून होतात, स्टीअरिंगवर डोकं ठेवून. आठवतं? मग आम्ही म्हटलं, बसू या यांच्याबरोबर चार दिवस."

"चार दिवस!" मी म्हणालो.

"तुम्ही कधी म्हणालाच नाहीत ना की आता जमतं," रेकॉर्डबाई म्हणाल्या. "आणि बदलीचं आम्हाला माहीत आहे हो. ऑर्डर जावकरावांच्याच टेबलावरून गेली, शिक्का मारून. तुम्ही आमच्यापासून कसली लपवालपवी करता?"

मला भयंकर राग आला. कुणावर ते कळेना. इतकी वर्षं मी बायकोला सांगत आलो होतो की तीन माणसं फुकट वाहतोय. परवा पत्र्यावर बसलेल्या त्या बाईंची मी कीव केली होती. बस आली, आणि जावकराव चढताना वळून म्हणाले, "सावकाश या. घाई नाही." बस गेली. स्टॉपवर मी आणि समोर माझी ती पोकळ गाडी.

दुसरा मार्गच नव्हता. मी बसलो आणि निघालो.

हायवेवर ट्रक घोंघावत जात होते. मी डाव्या कडेने, जीव मुठीत धरून चाललो होतो. गाडीत कसलाच आवाज नव्हता आणि तो आवाज नसणं फार मोठं वाटत होतं. बऱ्याच वेळाने पुढे ती बस दिसली. मी तिच्या मागे लागलो आणि मला एकदम बरं वाटलं. मागच्या काचेत तिघांची डोकी होती. त्यांनी मला ओळखलं. तिघेही वळून बसले आणि हात हलवायला लागले. मला वाटलं, घरापर्यंत असंच जावं यांच्या मागे मागे. पण बस एका थांब्याशी मंदावली, आणि माझ्या मागच्या ट्रकने असा भोंगा दिला की मी सीटवरच उडालो.

मी काचेकडे बघितलं. जावकराव पंजा दाखवून म्हणत होते, थांबा. डॉक्टर हाताने बोलावत होते, या, या. रेकॉर्डबाई जोरजोरात मान हलवत होत्या, हो की नाही ते त्यांचं त्यांना माहीत. मी त्यांच्यावरून नजर काढली. आरसा बघितला. मान वळवून उजवीकडे बघितलं. इंडिकेटर दिला आणि बसच्या शेजारून पुढे निघून गेलो. जाताना वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबलो असतो.

गेटात गाडी लावली तेव्हा बायको गॅलरीतून धावत खाली आली. तिने गाडीत डोकावून पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"ट्रक कुठाय? आणि बाकीचे?"

"बसमध्ये आहेत. मागे राहिले."

"मागे?" ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही एकटे आलात? हायवेने?"

"हो," मी म्हणालो. "आणि उद्या ऑफिसातही हेच कळवतो."